वहिनींनी काढलेले पायाचे फोटो

वहिनींच्या मोबाइलमध्ये दोनशेच्या वर फोटो आहेत आणि ते सगळे पायांचे आहेत. नातवंडांचे नाहीत, सहलीचे नाहीत, खिडकीतल्या कुंडीचेसुद्धा नाहीत. पहिले अडतीस डाव्या पायाचे, त्यापुढचे सगळे उजव्या पायाचे. डावा पाय आता नाही.

आमची दारं समोरासमोर. अशा घरांत माणसं एकमेकांची पादत्राणं चेहऱ्यासारखी ओळखतात. त्यांच्या दाराबाहेर पूर्वी चार असायची, आता तीन असतात.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र वीज कंपनीत मीटर वाचायला जायचा. चौतीस वर्षं तो रोज पायी फिरला. कोणाच्या घरी कुत्रा आहे, कोणाचा मीटर माळ्यावर आहे आणि कोण दार उघडायच्या आधी आतून दिवे मालवतं, हे सगळं त्याला पाठ. वहिनी एका फोटो स्टुडिओत टचिंग करायच्या. हे काम आता राहिलेलं नाही, म्हणून सांगायला हवं. फोटोची निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, काचेखाली दिवा, डोळ्याला भिंग. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, खड्डे, डोळ्यांखालच्या रेघा एकेका ठिपक्याने भरून काढायच्या. एका चेहऱ्याला तास लागायचा. हात हलला की नाक वाकडं व्हायचं. वहिनींचा हात कधी हलला नाही. गावातल्या निम्म्या मुलींची लग्नं त्या पेन्सिलीने जुळली, असं मित्र म्हणायचा, आणि उरलेल्या निम्म्यांची नवऱ्यांनी खरा चेहरा पाहिल्यावर मोडता मोडता राहिली.

वहिनींशी त्याची स्वतःची ओळखही त्याच पेन्सिलीने झाली होती. नोकरी लागली तेव्हा ओळखपत्रासाठी त्याने स्टुडिओत फोटो काढला. त्याच्या कपाळावर डावीकडे लहानपणी पडल्याचा लांब व्रण आहे. वहिनींनी तो सवयीने काढून टाकला. कचेरीत कारकुनाने अर्ज परत केला, कारण अर्जात ओळखीची खूण म्हणून व्रण लिहिला होता आणि फोटोत तो नव्हता. मित्र तणतणत स्टुडिओत गेला आणि काउंटरवर हात आपटून म्हणाला, "माझा व्रण परत द्या."

मालकाला वाटलं, काहीतरी चोरीला गेलं. वहिनी आतून आल्या, त्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा. अर्धा तास लागेल." निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून त्यांनी नवी प्रत काढून दिली. तो अर्धा तास त्याने स्टुलावर बसून काढला आणि पुढचे दोन महिने काहीबाही निमित्त काढून तो तिथे जात राहिला. ही गोष्ट त्याने मला किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशेब नाही. वहिनी दर वेळी म्हणायच्या, "अहो, सरांना पाठ झाली असेल आता."

"मास्तर लोकांना उजळणी आवडते," तो म्हणायचा.

पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, वहिनी घरी बसल्या. मुलगी लग्न होऊन दूर गेली. मित्र निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याला साखरेचा आजार निघाला. तो त्याने फारसा मनावर घेतला नाही. चालणारा माणूस, चालून जिरवीन म्हणाला. पण पायांची संवेदना हळूहळू गेली होती आणि ते त्याला कळलं नव्हतं. एके दिवशी बुटात खडा घेऊन तो सबंध सकाळ फिरला. घरी येऊन मोजा काढला तेव्हा डाव्या चवड्याखाली रक्त होतं. दुखलं मात्र अजिबात नाही. "बघ, किती सहनशील आहे मी," तो वहिनींना म्हणाला.

जखम भरेना. पायांच्या जखमा पाहणाऱ्या डॉक्टरबाई मोठ्या इस्पितळात होत्या, बसने चार तास. त्यांनी जखम तपासली, औषधं दिली, पट्टी कशी करायची ते वहिनींकडून दोनदा करवून घेतलं आणि म्हणाल्या, "दर आठवड्याला यांना इतक्या लांब आणू नका काकू, पायावर भार पडतो. दर दोन दिवसांनी पट्टी बदलताना फोटो काढून मला मोबाइलवर पाठवा. फोटो बघून मी सांगेन."

वहिनींकडे साधा बटणांचा फोन होता. मुलीने नवा मोबाइल घेऊन पाठवला आणि दूरच्या दूर बसून शिकवला. पण फोटोचं वहिनींना काय शिकवायचं? तीन-चार दिवसांत त्या मुलीलाच सांगायला लागल्या. काढायच्या आधी भिंग पुसायचं, बोटांचं तेल लागलेलं असतं, म्हणून सगळं धुरकट येतं. लांबून बोटांनी मोठं करायचं नाही, आपण जवळ जायचं. दोन्ही कोपरं बरगडीला लावायची म्हणजे हात थरथरत नाही. जे दाखवायचं आहे त्यावर बोट टेकवायचं, क्षणभर थांबायचं आणि श्वास सोडताना काढायचा. फ्लॅश लावायचा नाही, फ्लॅशमध्ये माणूस पकडल्यासारखा दिसतो. मलाही त्यांनी शिकवलं. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा पहिला नीट फोटो मी त्यांच्या शिकवणीवरच काढला.

पायाचा फोटो हा त्यांच्या घरातला सोहळा झाला. चार वाजले की मित्राची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीपाशी जायची, कारण तिथे उन्हं मऊ यायची. पाय स्टुलावर. खाली धुतलेली पांढरी चादर. वहिनी आधी जखम पुसून घ्यायच्या, कडेची मेलेली कातडी बारीक कात्रीने काढायच्या, बोटं स्वच्छ करायच्या. मग पाय थोडा आत वळवायच्या, पुन्हा थोडा बाहेर, एक डोळा मिटून बघायच्या.

"अगं, पाय आहे तो. नवरी नाही," मित्र म्हणायचा.

"गप्प बसा. डॉक्टरांना घाणेरडा पाय पाठवायचा का?"

फोटो काढला की मित्र हात पुढे करायचा. "दाखव." त्याचं पोट सुटलेलं, गुडघे आखडलेले, स्वतःचा तळवा त्याला वाकून दिसायचा नाही. आरसा धरला तर म्हणायचा, उलटंसुलटं काही कळत नाही. त्यामुळे आपला पाय तो त्या फोटोतच बघायचा. बघायचा आणि म्हणायचा, "भरत आली की."

मीही फोटो पाहिले आहेत. गुलाबीसर, स्वच्छ जखम, कडा नीट, पुस्तकात छापावेत असे. मी तसं म्हणालोही. वहिनींना बरं वाटलेलं मी बघितलं. त्या म्हणाल्या, "सर, हा फोन माझ्यासारखाच आहे. सांगावं लागत नाही, आपलं आपण टचिंग करतो." कातडी नितळ दाखवायची काही सोय त्यात आधीपासूनच चालू असते, ती मुलीने बंद केली नव्हती आणि वहिनींना ती बंद करावी असं वाटलं नव्हतं. पलीकडून डॉक्टरबाईंचं उत्तर यायचं, "छान आहे, हेच चालू ठेवा." वहिनी ते उत्तर दोनदा वाचायच्या. स्टुडिओ सुटल्यापासून त्यांच्या कामाला कोणी छान म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या बेचक्यात निळसर काळं दिसायला लागलं, ते त्यांनी पाहिलं होतं. पाय आत वळवला की तो भाग सावलीत जायचा. खोलीत वास येत होता. त्यांना वाटलं, औषधाचा असेल.

अडतिसाव्या फोटोनंतर दोन दिवसांनी मित्राला सकाळी हुडहुडी भरली आणि तो बरळायला लागला. मी गाडी ठरवली, आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. आधी त्यांनी परिचारिकेला दोन-तीन गोष्टी आणायला सांगितल्या, मित्राला आत नेलं, मग हात धुऊन खिशातून मोबाइल काढला आणि वहिनींसमोर धरला.

"काकू, हा परवाचा फोटो?"

"हो."

"याच पायाचा?"

वहिनींनी मान हलवली. डॉक्टरबाईंनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "यात काळं कुठेच नाही," त्या म्हणाल्या. ते त्या वहिनींना म्हणाल्या नाहीत, स्वतःशीच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "हाडात गेलंय. गुडघ्याखालून काढावा लागेल, आजच. थांबलो तर माणूस जाईल." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. इतकी सुंदर जखम बघून मला शंका यायला हवी होती. मी बोलावून घ्यायला हवं होतं."

सही करताना वहिनींचा हात हलला नाही. सही झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मग फोटो कसा काढायला हवा होता?"

मला तो प्रश्न त्या वेळी विचित्र वाटला. डॉक्टरबाईंना वाटला नसावा. त्यांनी नीट सांगितलं. उतरत्या उन्हात काढायचा नाही, त्या उन्हात मेलेलं मांससुद्धा ताजं दिसतं. दुपारच्या उजेडात, पण ऊन थेट पडणार नाही असं. पुसायच्या अगोदर एक, पुसल्यावर एक. वरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, बोटं फाकवून एक. शेजारी मोजपट्टी आणि कोरा पांढरा कागद, म्हणजे आकार आणि रंग कळतो. आणि फोनमधली ती कातडी नितळ करायची सोय बंद. वहिनी ऐकत होत्या, शिक्षा ऐकावी तशा.

मित्र घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. जीभ मात्र शाबूत होती. "मास्तर, डावा बूट कोणाला लागतो का बघा. एक पाऊलही न टाकलेला, नवा आहे." वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. तो बराच वेळ हसत राहिला आणि मग चादरीच्या सपाट जागेकडे बघत बसला.

पंधरवड्याने वहिनी मला जिन्यात भेटल्या. हातात औषधांची पिशवी. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, पाय मी कापला."

"असं काय बोलता वहिनी."

"तुम्ही फोटो बघितले होते ना? कसे होते?"

मी म्हणालो, "छान होते."

"तेच," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

मित्राला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की जखम भरत आली होती आणि अचानक चिघळली. येईल त्याला तो तसंच सांगायचा. "काय असतं बघा नशीब. फोटो पाहिलेल्या कोणालाही विचारा, चांगली सुकत आली होती." वहिनी शेजारी बसून ऐकायच्या. मोबाइल त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवून दिला होता. मुलीचा फोन आला तर मित्राच्या फोनवर यायचा.

असे आठ महिने गेले. सगळा भार उजव्या पायावर, कुबड्या घेऊन उड्या मारत चालणं. एका दुपारी वहिनींनी माझं दार वाजवलं. "सर, जरा येता? मोजपट्टी घेऊन या."

उजव्या टाचेवर फोड येऊन फुटला होता. मित्र खाटेवर पालथा होता, पाय काठाबाहेर. वहिनींनी मोबाइल बाहेर काढला होता. त्यांनी चाचपडत ती नितळ करायची सोय शोधली आणि बंद केली. भिंग पुसलं. कोपरं बरगडीला लावली. मी मोजपट्टी आणि कोरा कागद धरून उभा. त्यांनी डाव्या हाताने घोटा धरला आणि मी बघितलं, त्यांच्या हाताने पाय आपोआप वळवला. जरासाच. टाचेच्या खालच्या कडेला काळा डाग होता, तो सावलीत गेला.

त्यांनी फोटो काढला, बघितला आणि पुसून टाकला. पुन्हा पाय धरला. पुन्हा हात वळला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा त्या फोन हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"काय झालं गं?" मित्राने उशीत तोंड ठेवून विचारलं. "पाय नीट बसत नाही का फ्रेममध्ये? एकच उरलाय, आता तो तरी बसव."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तो पाय भरत नव्हता."

"कोणता?"

"डावा. बोटांच्या बेचक्यात काळा पडत होता. मला दिसत होतं. मी पाय वळवून फोटो काढत होते. काळं दिसू नये असे." त्या सरळ आवाजात बोलत होत्या, धडा म्हणून दाखवल्यासारख्या. "आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना दिसलं असतं, तर एखाद्या बोटावर भागलं असतं. डॉक्टरच मागाहून म्हणाल्या तसं."

मी जायला निघालो. मित्र म्हणाला, "थांबा मास्तर." मग उशीतूनच त्याने विचारलं, "डॉक्टरांसाठी काढत होतीस ना? मग त्यांच्यापासून लपवून काय मिळालं?"

"त्यांना पाठवत होते," वहिनी म्हणाल्या. "काढत तुमच्यासाठी होते. तुम्ही दर वेळी दाखव म्हणायचात."

मला वाटलं, तो ओरडेल. बायकोवर आवाज चढवलेला मी त्याला कधी ऐकला नव्हता, पण मला वाटलं, आज ओरडेल. तो म्हणाला, "व्रण पुसलास तेव्हा परत दिला होतास. अर्धा तास लागला होता."

वहिनींनी फोन खाली केला.

"आता कुठून देणार?"

त्याने कूस बदलली. कुबडीच्या आधाराने, धापा टाकत, आमचा कोणाचाही हात न घेता तो उठून बसला, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने खाटेवर आडवा ठेवला. मग बोटाने टाच चाचपली. तिथे त्याला काही जाणवत नव्हतं, तरी चाचपली. "कुठे आहे काळं?"

वहिनींनी त्याचं बोट धरून तिथे नेलं नाही, नुसतं सांगितलं, "जरा खाली. अजून खाली. तिथे."

"मग तिथून घे. मी धरतो पाय, तू हात लावू नकोस."

त्यांनी फोटो काढले. पुसायच्या आधी, पुसल्यावर, वरून, बाजूंनी. मी पट्टी धरली होती. ते वाईट फोटो होते, म्हणजे नीट होते. भेगा, पिवळट कड, मधला काळा भाग, मोजपट्टीवर दोन सेंटिमीटरच्या पुढे. मित्राने हात पुढे केला. वहिनींनी क्षणभर फोन छातीशी धरला आणि मग दिला. त्याने सगळे फोटो बघितले. कोणताच पटकन सरकवला नाही.

"पाठव," तो म्हणाला.

दहा मिनिटांत डॉक्टरबाईंचा फोन आला. आजच निघा म्हणाल्या.

टाचेचा तुकडा काढावा लागला, पाय राहिला. त्याला आता पाच महिने झाले. जखम अजून उघडी आहे. भरते म्हणावं तर महिन्याला काही मिलिमीटर, आणि मध्येच एखादा आठवडा मागे जाते. डॉक्टरबाई कसलीच खात्री देत नाहीत. मोजपट्टी माझीच आहे, ती वहिनींकडेच राहिली.

इस्पितळातल्या पट्टीच्या खोलीत वहिनी एका रुग्णाच्या सुनेला फोटो कसा काढायचा ते सांगत होत्या, असं डॉक्टरबाईंनी मला सांगितलं. आता मित्राला तपासणीला नेलं की तिथल्या परिचारिका नव्या रुग्णांच्या घरच्यांना वहिनींकडेच पाठवतात. वहिनी आधी त्यांच्या फोनमधली ती सोय बंद करून देतात आणि मगच पुढचं बोलतात. एक बाई म्हणाली, "इतकं ओंगळ दिसतंय, पाठवायला लाज वाटते हो." वहिनी म्हणाल्या, "वाटू दे. पाठवा."

घरात मात्र पूर्वीसारखं नाही. व्रणाची गोष्ट मित्र आता सांगत नाही. एकदा कोणी पाहुणा आला असताना मीच विषय काढला, म्हटलं, तो काउंटरवर हात आपटल्याचा किस्सा सांग की. तो म्हणाला, "विसरलो." वहिनी पाहुण्याला पाणी देत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. दोघं एकमेकांशी लागेल तेवढं बोलतात. तो वहिनींना टोमणे मारत नाही, आणि मला वाटतं, त्यांना त्याचंच जास्त लागतं.

पहिले अडतीस फोटो पुसून टाकू का, असं त्यांनी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "राहू दे. डाव्या पायाचे तेवढेच आहेत माझ्याकडे."

दर दोन दिवसांनी दुपारी बारा वाजता मी समोरच्या दारात उभा असलो तर दिसतं. खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी असते, तिथे ऊन येत नाही. तो स्वतःचा पाय स्वतःच्या हातांनी धरून बसतो. वहिनी कोपरं बरगडीला लावून वाकतात, श्वास सोडतात, काढतात. मग फोन त्याच्या हातात देतात आणि बाजूला उभ्या राहतात, परीक्षेचा पेपर देऊन मूल उभं राहतं तशा. तो चष्मा चढवतो, फोटो मोठा करून कडेकडेने बघतो.

"परवापेक्षा वाईट आहे का?"

"खालच्या अंगाला थोडं," वहिनी म्हणतात.

तो अजून एकदा बघतो. "पाठव," म्हणतो आणि फोन परत देतो.